गाणं ठेवायचं कपाट

1906 साली अमेरिकेतल्या कॅम्डेनच्या व्हिक्टर कंपनीनं 'व्हिक्ट्रोला' बाजारात आणला, तेव्हा यंत्र म्हणून त्यात नवं फारसं काही नव्हतं. चावीची मोटर तीच, सुई तीच, तबकड्याही त्याच. नवं होतं ते लाकूडकाम. तोवर ग्रामोफोनचा कर्णा पेटीच्या डोक्यावरून थेट खोलीत झुकलेला असे. व्हिक्टरनं तो दुमडून कपाटाच्या पोटात घातला, त्याच्या तोंडाशी दोन दारं लावली आणि खाली तबकड्यांसाठी जागा ठेवली. आवाज मोठा हवा असेल तर दारं सताड उघडायची, कमी हवा असेल तर लोटून घ्यायची. सुईची खरखर थेट कानावर येऊ नये म्हणून वर झाकण. किंमत 200 डॉलर, म्हणजे त्या काळी भलतीच. तरीही लोकांनी हे उभं कपाट असं उचलून धरलं, की संगीताच्या यंत्रासाठी घडवलेलं कपाट ही दिवाणखान्यातली एक ओळखीची वस्तू होऊन बसली.

व्हिक्ट्रोलाच्या कपाटाकडे दोन कामं होती: आवाज खोलीत पोचवायचा आणि यंत्र-तबकड्या सांभाळायच्या. पुढची पन्नासएक वर्षं ही दोन्ही कामं एकाच फर्निचरकडून करून घेण्याची धडपड चालली, आणि त्यानंतरची पन्नास ती वेगळी करण्यात गेली. आज घरी सुतार बोलावून ॲम्प्लिफायर, टर्नटेबल आणि एलपी ठेवायला कपाट करून घेणाऱ्याच्या मापात या सगळ्या घडामोडींचा हिशेब आहे.

त्या जुन्या जगाची एक गोष्ट भारतातून जात होती. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी लाख दगडाच्या बारीक पुडीत मिसळून मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या दाबल्या जात. तीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्यानं थरावर थर देत, त्या काळच्या उंची फर्निचरला चकाकी आणली जाई. बोळा गोल फिरवायचा, मध्येच थांबू द्यायचा नाही, थांबला की तिथे डाग पडतो. असं पॉलिश आजही हातानं करणारे कारागीर आहेत आणि जुन्या कपाटाला तेच शोभतं. गरम कप ठेवला तर मात्र त्यावर पांढरं वर्तुळ उमटतं, ही त्याची जुनीच अडचण.

1925 हे वळणाचं वर्ष. बेल प्रयोगशाळेतल्या जोसेफ मॅक्सफील्ड आणि हेन्री हॅरिसन यांनी कर्ण्याचा आकार गणितानं काढला: तोंडाकडे जाताना त्याचं क्षेत्रफळ किती वेगानं वाढावं, कुठे वळावं, एकूण लांबी किती असावी. त्यावरून व्हिक्टरनं 'ऑर्थोफोनिक' यंत्रं काढली. त्यातल्या 'क्रेडेन्झा' या मोठ्या कपाटाचा बहुतेक गाभारा दुमडलेल्या कर्ण्यानंच भरलेला होता. बाहेरून पाहणाऱ्याला देखणं फर्निचर दिसे, आत मात्र प्रत्येक फळी आवाजाच्या कामाला जुंपलेली.

मग रेडिओ आला आणि कर्णा गेला. लाउडस्पीकरला एक भोक आणि एक पेटी पुरत होती, त्यामुळे कपाटवाल्यांना दर्शनी भागावर हवी तशी नक्षी करायला मोकळं रान मिळालं. चर्चच्या खिडक्यांसारख्या कमानी असलेले रेडिओ याच काळातले. या हौसेला ब्रिटनमध्ये आवर घातला तो मर्फी रेडिओनं. 1930च्या दशकात त्यांच्या पेट्यांची रचना गॉर्डन रसेल या फर्निचर बनवणाऱ्याचा भाऊ आर. डी. रसेल याच्याकडे होती. त्यानं कोरीवकाम काढून टाकलं आणि अक्रोडाचं विनियर लावलेल्या साध्या, प्रमाणबद्ध पेट्या केल्या. मर्फी हे नाव पुढे मराठी घरांत चांगलंच रुजलं. ठाण्यात कारखाना होता, आणि जाहिरातीतलं ते गुटगुटीत बाळ तर रेडिओ नसलेल्यांनाही माहीत होतं. जुना मर्फी उलटा करून पाहिला तर मागचा पुठ्ठा भोकाभोकांचा दिसतो. व्हॉल्व्ह तापायचे, त्यांची गरम हवा बाहेर पडायला ती वाट होती. आजच्या बहुतेक बंदिस्त टीव्ही-युनिटांपेक्षा त्या पुठ्ठ्यात जास्त शहाणपण होतं.

रेडिओ आणि तबकड्यांचा प्लेअर एकाच कपाटात आला तो रेडिओग्राम. झाकण वर केलं की फिरती थाळी, शेजारी रेडिओची डायल, खाली स्पीकर. पण ज्या लाकडाला स्पीकर हादरे देत होता, त्याच लाकडावर सुई उभी होती. आवाज वाढवला की हादरे सुईपर्यंत पोचत, सुई ते पुन्हा ॲम्प्लिफायरला देई आणि कपाट घुमायला लागे. थाळीखाली स्प्रिंगा आणि रबर घालून कंपन्यांनी यावर उतारा शोधला, तो अर्धवटच ठरला. 1950च्या दशकाच्या अखेरीस स्टिरिओ तबकड्या आल्या तेव्हा दुसरी पंचाईत झाली. डावा आणि उजवा आवाज वेगळा ऐकू यायचा तर स्पीकरांमध्ये अंतर हवं, आणि कपाट लांबवून लांबवणार किती?

ही कोंडी फुटताना जर्मनीत दिसते. 1956 साली ब्राउन कंपनीसाठी हान्स गुगेलोट आणि डीटर राम्स यांनी 'एसके 4' हा रेडिओ-प्लेअर घडवला. पांढरा पत्रा आणि दोन बाजूंना लाकडी फळ्या. झाकण आधी पत्र्याचंच ठरलं होतं, पण मोठ्या आवाजात ते थरथरायला लागलं, म्हणून राम्सनं पारदर्शक प्लास्टिकचं सुचवलं. टर्नटेबलवर आज सर्रास दिसणाऱ्या पारदर्शक झाकणाची पाळंमुळं या थरथरीत आहेत. पुढच्याच वर्षी ब्राउननं 'अटेलिए 1'मध्ये स्पीकर वेगळ्या पेटीत काढला.

तोवर अमेरिकेत एडगर व्हिलचर यानं 1954 साली 'एआर-1' हा स्पीकर आणला होता. पेटी पूर्ण हवाबंद, आणि आत कोंडलेली हवाच पडद्याला मागे खेचणारी स्प्रिंग. छोट्या पेटीतून खर्जाचा भरदार आवाज निघू लागला. 1961 साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यानं आणि पुढच्या दशकात रिचर्ड स्मॉल यानं नळीच्या आणि बंद पेट्यांचं गणित असं मांडलं, की स्पीकर युनिटचे काही आकडे हातात असले की पेटी किती लिटरची हवी हे कागदावर काढता यावं. स्पीकरची पेटी हे आता ध्वनिशास्त्राचं काम झालं होतं: जाड, कडक, सांध्यातून हवा न सोडणारी.

यंत्रांच्या कपाटाची गरज नेमकी उलटी. त्याला हवा खेळती हवी, मागून तारांना वाट हवी आणि स्वतःचा आवाज मुळीच नको.

भारतात आयातीवर बंधनं होती, त्या दशकांत हौशी मंडळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणत आणि पेट्या ओळखीच्या सुताराकडून करून घेत. पुढे कॅसेट आल्या, तशी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये डेकसाठी कप्पा आणि कॅसेटींसाठी उथळ खण आले. मग सीडीचे खण आले. माध्यम गेलं तरी खण राहिले, आणि त्या मापात दुसरं काही धड बसत नाही. एलपी पुन्हा विकत घेणाऱ्यांना तर हे फर्निचर उपयोगाचंच नाही, कारण एलपीचं पाकीट साडेएकतीस सेंटिमीटरचं. 2014 साली आयकियानं 'एक्सपेडिट' हे चौकोनी खणांचं कपाट बंद केलं, तेव्हा जगभरचे तबकडी-संग्राहक हवालदिल झाले, ते या मापामुळेच. त्यांचं नशीब, जागी आलेल्या 'कॅलॅक्स'नं आतलं माप कायम ठेवलं.

आज कपाट करवून घेताना म्हणूनच यंत्रं आधी मोजावीत आणि लाकडाचा रंग मागाहून ठरवावा. बरेचसे ॲम्प्लिफायर 43 सेंटिमीटर रुंद असतात, म्हणजे 17 इंच. स्टुडिओतल्या 19 इंची रॅकमध्ये बाजूच्या कानपट्ट्या वगळून उरणारी साधारण रुंदी हीच. कपाटाची खोली मोजताना मागे प्लग आणि तारांसाठी आठ-दहा सेंटिमीटर धरावेत. टर्नटेबलवर झाकण पूर्ण उघडेल एवढी मोकळी उंची हवी, म्हणून त्याची जागा कपाटाच्या माथ्यावरच बरी. 1972 पासूनचं नावाजलेलं टेक्निक्स एसएल-1200 बारा किलोच्या आसपास आहे, तेव्हा माथा लेचापेचा चालत नाही.

एलपीचा भार लोकांच्या लक्षात येत नाही. फूटभर रांगेत साधारण ऐंशी तबकड्या मावतात आणि त्यांचं वजन वीस किलोला टेकतं. दर फुटाला तोच भार ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर ती सोळा पट झुकते. फळी दुप्पट जाड केली तर झुकणं आठ पटींनी कमी होतं, पण खर्च आणि वजनही वाढतं. त्यापेक्षा दर चाळीस सेंटिमीटरवर उभी फळी देणं स्वस्त आणि पक्कं. तबकड्याही कलत नाहीत. कोकणात पावसाळ्यात फुगणाऱ्या रुंद सागवानी फळ्यांपेक्षा 18 मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड, वर सागाचं विनियर आणि कडांना सागाची पट्टी हे जास्त टिकाऊ.

सुताराशी खरा वाद होतो तो पाठीवरून. सवयीनं तो मागे पूर्ण प्लाय ठोकतो, कपाट गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहावं म्हणून, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. तोडगा असा, की तबकड्यांच्या खणांना मागून प्लाय ठोकावा, त्यानं सांगाडा ताठ राहतो. ॲम्प्लिफायरचा कप्पा मात्र मागून उघडा आणि डोक्यावर हातभर मोकळा. स्पीकर कपाटावर ठेवायचे नाहीत, ते बाजूला आपापल्या स्टँडवर.