संत्र्याविना ‘ऑरेंज वाइन’ आणि तबकडीची साथ

मोर्शी : संत्र्याच्या बागांनी वेढलेल्या मोर्शी-वरुड पट्ट्यात ‘ऑरेंज वाइन’ हे नाव कानी पडले की बागायतदाराने कान टवकारावेत, हे स्वाभाविकच. बारीक फळ मातीमोल भावाने जाते. त्याला नवे गिऱ्हाईक मिळाले तर कोणाला नको? मात्र जगभरच्या महानगरांतील ‘लिसनिंग बार’मध्ये जुन्या एलपी तबकड्यांच्या साथीने दिल्या जाणाऱ्या या वाइनमध्ये संत्रे औषधालाही नसते.

ती पांढऱ्या द्राक्षांची असते. रस सालींसह कित्येक दिवस, कधी महिनोन्महिने आंबवत ठेवल्याने तिला नारिंगी छटा आणि चहासारखा तुरटपणा येतो. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या ‘क्वेव्री’ नावाच्या मातीच्या रांजणांत ती पूर्वापार तयार होते. या पद्धतीला युनेस्कोने २०१३ मध्ये सांस्कृतिक वारशाचा मान दिला. नागपुरी संत्र्याची अडचण निराळीच आहे. त्याचा रस काढून ठेवला की त्यात लिमोनिन तयार होते आणि गोड रस कडवट लागू लागतो. प्रक्रिया उद्योगाची ही जुनीच डोकेदुखी.

ऑरेंज वाइन बहुधा ‘नॅचरल वाइन’च्या घराण्यात मोडते. या घराण्यात बाहेरचे यीस्ट घालत नाहीत, सल्फाइट अत्यल्प वापरतात किंवा टाळतात आणि वाइन सहसा गाळत नाहीत. म्हणून ती अनेकदा गढूळ दिसते, आणि बाटली उघडल्यावर तासाभरात तिची चव पालटू शकते. तबकडीशी तिचे सूत जुळते ते इथे. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांत संपते, उठून ती उलटावी लागते. पहिल्या बाजूचा घोट आणि दुसऱ्या बाजूचा घोट एकसारखा लागेलच असे नाही.

संगीताने चव बदलते, ही केवळ रसिकांची कल्पना नव्हे. मानसशास्त्रज्ञ एड्रियन नॉर्थ यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कार्ल ऑर्फचे भारदस्त ‘कार्मिना बुराना’ ऐकणाऱ्यांना वाइन अधिक भारदस्त वाटली, तर चायकोव्हस्कीचे नाजूक संगीत ऐकणाऱ्यांना तीच वाइन नाजूक वाटली. त्यांच्याच १९९७ मधील प्रयोगात दुकानात फ्रेंच संगीत वाजताना फ्रेंच वाइन अधिक खपली, जर्मन वाजताना जर्मन! अर्थात हे प्रयोग संगीताचे होते, तबकडीचे नव्हेत. तबकडीमुळे वाइनला खास चव येते, असा निष्कर्ष त्यांतून काढता येत नाही.

तरीही जोडी जुळवायचीच, तर वजनाला वजन हे सूत्र पुरते. विलंबित ख्यालाच्या एलपीसोबत तुरट ऑरेंज वाइन सावकाश घ्यावी. पहिले आंबवण पूर्ण होण्याआधीच बाटलीत भरलेली फेसाळ ‘पेट-नॅट’ तीन मिनिटांच्या चटपटीत भावगीताला शोभते.

माळ्यावरच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या काढणार असाल, तर मात्र पेला दूरच्या टेबलावर ठेवलेला बरा. त्या व्हिनाइलच्या नसून प्रामुख्याने लाखेच्या असतात आणि लाख मद्यार्कात विरघळते. वाइनचे थेंब उडालेच, तर मऊ कोरड्या कापडाने ते ताबडतोब टिपून घ्यावेत. एलपीसाठी मिळणारे, मद्यार्क असलेले सफाईचे द्रावणही या तबकड्यांना लावू नये.