मात्रा कमी झाली, मापही बदलले

साठ वर्षांत मॅमोग्राफीतील किरणांची मात्रा खूप घटली, असे नेहमी सांगितले जाते. ते खरेच आहे. पण या काळात मात्रा मोजण्याची रीतही बदलली, आणि हे ध्यानात न घेता जुने-नवे आकडे शेजारी मांडणे चूक आहे. १९६० साली ह्यूस्टनच्या रॉबर्ट एगन यांनी औद्योगिक फिल्म वापरून जी पद्धत रूढ केली तिच्यात चित्र स्पष्ट येई, पण क्ष-किरणही भरपूर लागत. मोजले जात ते त्वचेवर पडणारे किरण, रॉन्टजेनमध्ये. मॅमोग्राफीचे किरण कमी ऊर्जेचे, स्तनात शिरताच झपाट्याने शोषले जाणारे. म्हणजे त्वचेवर आकडा मोठा. पण कर्करोग जिथे उद्भवतो त्या ग्रंथींच्या वाट्याला किती आले, हे त्यावरून कळत नाही. १९७६ मध्ये जॉन बेलर यांनी पन्नाशीच्या आतील स्त्रियांच्या सरसकट तपासणीतला किरणांचा धोका पुढे मांडला, तेव्हा ही उणीव उघडी पडली. १९७९ मध्ये हॅमरस्टीन आणि सहकाऱ्यांनी ग्रंथींना मिळणाऱ्या सरासरी मात्रेवर भर दिला. माझ्या मते या साऱ्या वाटचालीतले सर्वांत मोलाचे पाऊल हेच.

अडचण अशी की, जिवंत स्तनात मापक ठेवता येत नाही. म्हणून पृष्ठभागाशी हवेत किरण मोजायचे, ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे मध्ये धरून त्यांची भेदकता ठरवायची आणि संगणकाने काढलेल्या गुणकाने गुणायचे. डेव्हिड डान्स यांचे १९९०चे गुणक युरोपात रुळले. अमेरिकेत मॅमोग्राफीच्या दर्जाविषयीच्या १९९२च्या कायद्यानंतर एका चित्राला ३ मिलिग्रे ही मर्यादा आली, पण ती दाबून ४.२ सेंटिमीटर झालेल्या, निम्मी चरबी नि निम्म्या ग्रंथी मानलेल्या स्तनाची नक्कल करणाऱ्या ठोकळ्यासाठी. समोर उभ्या असलेल्या बाईसाठी नव्हे. २००९ मध्ये मार्टिन याफे आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ग्रंथींचे सरासरी प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपासच असते. शिवाय ग्रंथी सर्वत्र सारख्या पसरल्या आहेत असे धरले की मात्रा फुगते, हेही स्तनांच्या सीटी-चित्रांवरून दिसले.

मात्रा इतकी अल्प असताना ही काटेकोरी कशाला, असे कोणी विचारील. ही तपासणी निरोगी स्त्रियांची आहे, वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा होणारी. त्यांना सांगितलेला आकडा कशाचा आहे, हे कळण्याचा त्यांना हक्क आहे. मग ठोकळ्याचा आकडा निरुपयोगी म्हणायचा का? मुळीच नाही. यंत्र बिघडले का, दोन केंद्रांत फरक का, हे त्यानेच कळते. २०२४ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनांनी खऱ्या स्तनांच्या रचनेवर बेतलेले नवे प्रतिमान संयुक्तपणे मांडले. तरीही, ठोकळ्याचा असो वा या प्रतिमानाचा, तो आकडा एखाद्या स्त्रीची स्वतःची मात्रा म्हणून अहवालात छापू नये.