घरातला गंज : भाग ७ – भिंतीवरून उतरलेला रेडिएटर

गेल्या आठवड्यात ब्रिटनमधल्या घरांच्या रेडिएटरमधून निघणारं काळं पाणी पाहिलं. पाण्यातला प्राणवायू संपत आला की पोलादावर तयार होणारं ते मॅग्नेटाइट. गंजाचीच, पण संथ जात. आजची गोष्ट तांबड्या गंजाची. भिंत रंगवायची म्हणून रेडिएटर उतरवला, पाणी ओतून टाकलं आणि चार महिने अंगणातल्या शेडमध्ये टेकवून ठेवला. परत बसवायला घेतला तर तोंडातून तांबडा गाळ. वर्षानुवर्षं पाण्यात राहून जे झालं नाही, ते रिकामा राहून झालं.

घासलेला लोखंडी तवा ओलाच ठेवला तर सकाळी तांबूस होतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. रेडिएटरचा तवा आतल्या बाजूला असतो, एवढंच. थोडा हिशेब करू. पाच लिटरच्या रेडिएटरमध्ये ताजं पाणी काठोकाठ भरलं तर त्यात विरघळलेला प्राणवायू असतो जेमतेम ४५ मिलिग्रॅम. तो ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याएवढं लोखंड खाणार आणि संपणार. तेवढ्याच जागेत हवा असेल तर प्राणवायू दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीसपट. तोंडं बंद असतील तर तोही कधीतरी संपतो. उघडी असतील तर मात्र पुरवठ्याला अंत नाही. दिवसा शेड तापते, दमट हवा आत शिरते, रात्री थंड पत्र्यावर तिचं दव होतं.

म्हणून दोनच मार्ग: पूर्ण भरलेला किंवा पूर्ण कोरडा. मधली अवस्था सगळ्यांत वाईट, आणि बहुतेक लोक नेमकी तीच निवडतात.

घरात उबदार जागा असेल तर मी भरलेलाच ठेवीन. गंजरोधक द्रव मिसळलेलं पाणी काठोकाठ भरायचं आणि तोंडांना अर्ध्या इंचाचे प्लग घट्ट बसवायचे. शेडमध्ये मात्र हे करू नका. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि पत्र्याला ते सोसत नाही.

शेडसाठी कोरडाच बरा. नुसता उलटा करून भागत नाही, कारण खालच्या पन्हळीत पाणी अडून राहतं. दोनचार वेळा कलता करा, मग एका तोंडातून हेअर ड्रायरची ऊन हवा सोडा. दुसऱ्या तोंडाशी हात धरा. दमटपणा जाणवेनासा झाल्यावरही आणखी थोडा वेळ चालू ठेवा. सिलिका जेलची पुडी दोऱ्याला बांधून आत सोडा, दोऱ्याचं टोक बाहेर राहू द्या आणि प्लग लावा. दोरा यासाठी, की पुडी विसरून रेडिएटर बसवणारे महाभाग असतात.

तव्यासारखा आतून तेलाचा हात फिरवावा, असं कुणाच्याही मनात येईल. नको. हे तेल पुढे पाण्यात उतरतं आणि रबरी सील फुगवतं.

भिंतीवर मागे राहिलेल्या व्हॉल्व्हलाही टोपण हवंच. थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह कडाक्याच्या थंडीत गोठणं टाळण्यासाठी आपणहून उघडू शकतो, आणि समोर रेडिएटर नसला तर पाणी थेट गालिच्यावर.

परत बसवताना आधी बाहेर बादलीवर धरून स्वच्छ पाण्याने खळखळून घ्या. नवं पाणी भरलं की जुना गंजरोधक पातळ होतो. तेवढा वरून घालायला विसरू नका.

(क्रमशः)