पत्र्याखालचं वायफाय

धुळ्याहून सुरतेकडे जाताना कोंडाईबारीचा घाट उतरला की विसरवाडी लागते. खांडबाऱ्यावरून नंदुरबारला जाणारा फाटा इथेच फुटतो. याच जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड वाटलं गेलं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची सरकारी योजना २०११ ची, तिचं भारतनेट हे नाव २०१५ चं. तेव्हापासून ‘गावात नेट पोचलं का’ याची चर्चा भरपूर झाली. गावातलं नेट घराच्या मागच्या पडवीत का पोचत नाही, याची मात्र कुणी फारशी केली नाही. ती तक्रार घरोघरी आहे: पुढच्या खोलीत सगळं सुरळीत, आणि अभ्यासाला बसलेल्या पोराच्या मोबाइलवर व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतो.

आधी दोष कुणाचा ते ठरवावं. राऊटरपासून चार-पाच फुटांवर उभं राहून, बाकीचे फोन बंद करून, वेग मोजायचा. तिथे प्लॅनइतका आकडा आला तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही, गोंधळ घरातच आहे. प्लॅनवरचा आकडा मेगाबिटचा असतो, डाऊनलोडचा बहुधा मेगाबाइटचा. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ४० चा प्लॅन सेकंदाला ५ मेगाबाइट देतो आणि एक जीबीचा सिनेमा उतरायला सव्वातीन-साडेतीन मिनिटं लागणारच. ही फसवणूक नव्हे, हिशेब आहे. राऊटरजवळही वेग मिळत नसेल तर डब्यावरचा एलओएसचा दिवा बघा. तो लाल लुकलुकत असेल तर उजेड डब्यापर्यंत येतच नाही: कुठेतरी जेसीबीने वायर तोडली असेल, नाहीतर घरातच कुणी फायबर खिळ्याभोवती आवळून गुंडाळली असेल. तांब्याची तार वाकवली तरी चालते. काचेची फार वाकवली की वाकलेल्या जागी उजेड बाहेर सांडतो.

आता घर. या भागातल्या जुन्या घरांच्या भिंती कुडाच्या, वर कौलं. वायफायसाठी यासारखं घर नाही! वाळलेला कूड लहरींना फारसा अडवत नाही. विटांची भिंत थोडं खाते, सळ्यांचा स्लॅब बरंच खातो. पण खरा शत्रू पत्रा. लोखंडी पत्र्यातून लहर आरपार जातच नाही, ती परत फिरते. हल्ली बऱ्याच घरांत पुढे स्लॅबची खोली आणि मागे पत्र्याची पडवी असते. मधल्या भिंतीला टेकून लोखंडी कपाट किंवा धान्याची कोठी. अशा पडवीत नेट शिरतं ते फक्त दारातून. मग राऊटर त्या दाराच्या रेषेत हवा, एवढंच. कपाट दोन हात सरकवून जे काम होतं ते तीन हजारांच्या नव्या राऊटरने होत नाही.

प्रत्यक्षात राऊटर कुठे असतो? जोडणी करणारा पोरगा वायर ज्या भोकातून आत घेतो, तिथेच तो डबा ठोकतो. म्हणजे पुढच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे. अर्धं वायफाय महामार्गावरच्या ट्रकवाल्यांना! तो शिडी लावायच्या आतच सांगावं की वायर दहा-पंधरा मीटर जास्त सोड आणि डबा घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला लाव. अँटेना उभ्या ठेवल्या की लहरी आडव्या पसरतात. वर माळा असेल तर एक अँटेना आडवी करून बघावी.

बहुतेक राऊटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण १२ सेंटिमीटरची, ती भिंती बऱ्या ओलांडते पण सावकाश चालते. ५ ची त्याच्या निम्मी; वेगवान, पण दोन भिंतींत दमते. टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर, पडवीतला फोन २.४ वर, अशी वाटणी चालते. बाजारपेठेत दुकानाला दुकान लागून असेल तर २.४ वर १, ६ किंवा ११ यांतला मोकळा चॅनल निवडावा; बाकीचे एकमेकांवर चढतात. शेतातल्या एकट्या घराने या भानगडीत पडू नये. आणखी एक: वायफायवर एका वेळी एकच उपकरण बोलतं, ग्रामसभेतल्या एकुलत्या माइकसारखं. एखादा जुना, लांब बसलेला फोन माइक धरून रेंगाळला की सगळेच खोळंबतात.

एवढं करूनही मागची खोली कोरडी राहिली तर लोक रिपीटर आणतात. स्वस्त असतो, पण बहुतेक रिपीटर ऐकतात त्याच पट्ट्यावर पुढे बोलतात, म्हणून वेग जवळजवळ निम्मा होतो. शिवाय तो लावला जातो नेमका रेंज नसलेल्या खोलीत. तिथे त्याला ऐकूच काय येणार? माझं मत वायरच्या बाजूचं आहे. कॅट-६ ची वायर १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग नेते, विसरवाडीत एवढं लांब घर सापडणार नाही. ती मागे ओढायची आणि टोकाला घरातलाच जुना राऊटर लावायचा. त्याचा आयपी पत्ता बदलायचा, डीएचसीपी बंद करायचं, वायर वॅनच्या नव्हे तर लॅनच्या भोकात घालायची. झालं.

फायबर न पोचलेल्या पाड्यांवर फाइव्ह-जीचा डबा छपरावर लावतात. त्याची जागा उन्हाळ्यात ठरवू नये. तेव्हा साग उघडा असतो. पावसात पानं फुटली, ती ओली झाली, की तीच दिशा अडते. उपग्रहाच्या नेटसाठी राज्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात नंदुरबारचं नाव आहे. त्या तबकडीलाही मोकळं आभाळच लागतं.

वीज गेली की इन्व्हर्टर नसलेल्या घरात नेटही जातं. राऊटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो काही तास पुरतो. घेण्याआधी अडॅप्टरवरचे बारीक आकडे वाचा, ९ व्होल्ट की १२, आणि किती अँपिअर. ९ च्या डब्याला १२ लावले तर तो जळण्याचा धोका असतो.