यंत्राला कोणता खुर्दा चालतो?

अमेरिकेतील लहानमोठ्या शहरांत, हमरस्त्याच्या कडेला, दोन बाजूंना भिंती, वर छप्पर आणि पुढेमागे मोकळी वाट असलेले गाळे ओळीने उभे असतात. गाडीचा मालक आपली गाडी अशा एका गाळ्यात आणून उभी करतो, भिंतीवरील पेटीच्या फटीत नाणी टाकतो, खटका फिरवून साबण, फेसाचा ब्रश, साधे पाणी किंवा मेण यांपैकी हवे ते निवडतो आणि मग ठरावीक मिनिटांपुरती उच्च दाबाच्या पाण्याची नळी त्याच्या हाती येते. येथे धुणारा नोकर नसतो आणि गल्ल्यावर बसलेला माणूसही नसतो. विकली जाते ती धुलाई नव्हे, तर पाण्याचा पंप चालू राहण्याची वेळ, आणि ती वेळ संपत आली की पेटी इशारा देऊन आणखी नाण्यांची मागणी करते.

माणसाची जागा यंत्राने घेतलेली असल्यामुळे या व्यवहारात एक प्रश्न अगदी मुळाशी येऊन बसतो, तो म्हणजे ग्राहकाच्या खिशातील कोणते नाणे घ्यायचे आणि कोणते परत करायचे. दुकानदार समोर आलेला खुर्दा पाहून, मोजून, प्रसंगी कुरकुरत का होईना, स्वीकारू शकतो. यंत्राच्या बाबतीत हा निर्णय आधीच घेऊन ठेवावा लागतो. अमेरिकेतील बहुतेक धुलाईकेंद्रांनी तो २५ सेंटच्या, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्याच्या बाजूने घेतलेला आहे, ज्याला तेथे ‘क्वार्टर’ म्हणतात. त्याहून लहान असलेली १० सेंटचे डाइम, ५ सेंटचे निकेल आणि १ सेंटची पेनी ही तिन्ही नाणी कायद्याने चलनात असूनही अशा पेट्यांतून सहसा जशीच्या तशी परत येतात. ही नाणी किमतीने लहान आहेत एवढेच यामागचे कारण नाही. ती ओळखण्याचा, साठवण्याचा, वाहण्याचा आणि मोजण्याचा खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नाला केंद्रचालकांनी दिलेले ते उत्तर आहे.

यंत्र नाण्यावरचे चित्र किंवा अक्षरे वाचत नाही. जुन्या यांत्रिक पेटीत नाणे आधी व्यास आणि जाडी यांच्या कसोटीतून जाते, मग तोलून पाहिले जाते आणि शेवटी चुंबकाजवळून घरंगळते. तांब्यासारखा वीजवाहक धातू चुंबकाजवळून सरकू लागला की त्याच्या अंगात क्षणभर विद्युतप्रवाहाचे भोवरे निर्माण होतात आणि ते त्याच्या गतीला विरोध करतात. हा विरोध धातूच्या वीजवाहकतेवर अवलंबून असल्यामुळे खरे नाणे ठरावीक वेगाने बाहेर पडून योग्य खाचेत जाते, तर वेगळ्या धातूची चकती फार हळू किंवा फार वेगाने जाऊन नकाराच्या वाटेला लागते, आणि लोखंडी चकती तर चुंबकालाच चिकटून बसते. आधुनिक पेटीत हेच काम तारेच्या वेटोळ्यांतील विद्युतचुंबकीय क्षेत्र करते. काही पेट्यांत एक खरे नाणे नमुना म्हणून आतच बसवलेले असते आणि येणाऱ्या प्रत्येक नाण्याची त्याच्याशी तुलना होते. नमुना एकच असल्यामुळे अशी पेटी स्वस्त आणि भरवशाची ठरते, मात्र ती एकाच प्रकारचे नाणे घेते.

नाणे कशाचे असावे हे ठरवताना यंत्राची सोय किती वजनदार ठरू शकते, याचे उत्तम उदाहरण १९६५ साली घडले. तोपर्यंत डाइम आणि क्वार्टर ही नाणी ९० टक्के चांदीची असत. चांदीचा तुटवडा आणि वाढते भाव यांमुळे ती तशी ठेवणे अशक्य झाले आणि राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी २३ जुलै १९६५ रोजी नव्या नाणेकायद्यावर सही केली. नवा धातू निवडताना मुख्य अडचण देशभर पसरलेल्या नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांची होती, कारण ती चांदीच्या वीजवाहकतेनुसार जुळवलेली होती आणि ती सर्व एकाच वेळी बदलणे शक्य नव्हते. यावर उपाय म्हणून मध्ये शुद्ध तांबे आणि दोन्ही बाजूंना तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा पातळ थर अशी तीन पदरी रचना स्वीकारण्यात आली, ज्यामुळे चांदी गेली तरी नाण्याची विद्युत ओळख यंत्रांच्या दृष्टीने पुरेशी तशीच राहिली. जुनी आणि नवी नाणी एकाच फटीतून चालू लागली आणि यंत्रांच्या धंद्यात खंड पडला नाही.

लहान नाणी का नकोशी होतात हे वजनाच्या हिशेबातून सर्वांत स्पष्ट होते. क्वार्टरचे वजन ५.६७ ग्रॅम, डाइमचे २.२६८ ग्रॅम, निकेलचे ५ ग्रॅम आणि पेनीचे २.५ ग्रॅम असते. त्यामुळे १०० डॉलरची रक्कम क्वार्टरमध्ये जमा झाली तर ४०० नाणी आणि सुमारे २.२७ किलो वजन होते. निकेलमध्ये तीच रक्कम २,००० नाण्यांची आणि १० किलोंची, तर पेनीमध्ये १०,००० नाण्यांची आणि २५ किलोंची होते. पाच डॉलरची एक धुलाई पेनी टाकून करायची झाली, तर ग्राहकाला सव्वा किलो नाणी एकेक करून फटीत सोडावी लागतील, आणि तोवर मागे दुसरी गाडी ताटकळत राहील. डाइमची गोष्ट वेगळी आहे. चांदीच्या काळात नाण्यातील चांदी त्याच्या किमतीच्या प्रमाणात असे आणि वजनाचे ते प्रमाण १९६५ नंतरही कायम राखले गेले, म्हणून डाइम असोत वा क्वार्टर असोत, २० डॉलरच्या नाण्यांचे वजन एक पौंडच भरते आणि दोन्हींची सरमिसळ झालेली पिशवीसुद्धा नुसती तोलून मोजता येते. तरीही डाइम बहुधा नाकारले जाते, कारण ते घेण्यासाठी एकाहून अधिक नाणी ओळखणारी महाग पेटी लागते आणि इतक्या लहान व पातळ नाण्याला जेमतेम काही सेकंदांची वेळ द्यावी लागते.

धुलाईकेंद्राची जागाच मुळात नाण्यांच्या यंत्राला प्रतिकूल असते. हवेत सतत पाण्याचे तुषार आणि साबणाचा अंश असतो, ग्राहकाची बोटे ओली असतात, थंड प्रदेशांत हिवाळ्यात रस्त्यावरचे मीठ गाड्यांबरोबर आत येते आणि या सर्वांचा चिकट थर नाणे घरंगळण्याच्या वाटेवर साचतो. वाकलेले नाणे किंवा चुकीच्या आकाराची चकती या वाटेत अडकली की तो गाळा दुरुस्ती होईपर्यंत बंद पडतो आणि केंद्रावर माणूस नसल्यामुळे ते कळायलाही वेळ लागतो. म्हणूनच नाण्यांचे प्रकार जितके कमी तितकी वाट सरळ आणि बिघाड कमी, हे तत्त्व चालकांना परवडते.

लहान नाणी नाकारल्यामुळे जी अडचण उभी राहते ती मोड देणाऱ्या यंत्राने सोडवली जाते. ग्राहक त्यात नोट सरकवतो आणि यंत्र तेवढ्या किमतीचे क्वार्टर बाहेर टाकते. पण याच सोयीतून नवी डोकेदुखी निर्माण होते, कारण अमेरिकेत कपडे धुण्याची सार्वजनिक यंत्रे आणि वाहनतळांवरील जुने मीटरही क्वार्टरवरच चालत असल्यामुळे गाडी न धुता केवळ मोड नेण्यासाठी लोक येतात आणि केंद्रातील साठा रिकामा होतो. यावर अनेक चालकांनी पितळी टोकनचा मार्ग पत्करला. टोकन म्हणजे केवळ त्याच केंद्रात चालणारी नाण्यासारखी चकती. ती बाहेर निरुपयोगी असल्यामुळे चोराला तिचे आकर्षण नसते, मोठ्या नोटेवर एखादे टोकन जास्त देऊन ग्राहकाला बांधून ठेवता येते आणि जी टोकने कधीच परत येत नाहीत त्यांची किंमत चालकाकडेच राहते. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र खिशात उरलेले टोकन म्हणजे अडकून पडलेला पैसा असतो.

येथे कायदा काय म्हणतो हे पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार सर्व नाणी ऋण फेडण्यासाठी ग्राह्य चलन आहेत; परंतु कोणत्याही खासगी व्यावसायिकाने ठरावीक नाणे किंवा नोट स्वीकारलीच पाहिजे असे बंधन संघीय कायद्यात नाही. यंत्रात पैसे आधी आणि सेवा नंतर असा क्रम असल्याने तेथे ऋणच निर्माण होत नाही, आणि पेटीवर ‘फक्त क्वार्टर’ असे लिहिणे वैध ठरते. युरोपीय संघाने याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने मर्यादा घातली आहे: युरोविषयक नियमानुसार एका वेळी ५० पेक्षा अधिक नाणी घेण्याची सक्ती सामान्य व्यावसायिकावर करता येत नाही. जर्मनीतील स्वयंसेवा धुलाईच्या गाळ्यांत प्रामुख्याने ५० सेंट, १ युरो आणि २ युरोची नाणी चालतात. १, २ आणि ५ सेंटची तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी नाणी मात्र तेथेही सहसा दूरच ठेवली जातात. १ आणि २ युरोच्या नाण्यांचा मधला भाग मुद्दाम तीन पदरी आणि किंचित चुंबकीय ठेवलेला आहे, जेणेकरून यंत्राला ती खात्रीने ओळखता यावीत.

महागाईबरोबर धुलाईचे दर वाढले, पण अमेरिकेत रोजच्या वापरातले सर्वांत मोठे नाणे क्वार्टरच राहिले. १९७९ मध्ये सुसान अँथनी यांच्या प्रतिमेचे एक डॉलरचे नाणे निघाले, परंतु आकाराने आणि रंगाने ते क्वार्टरशी इतके मिळतेजुळते होते की लोकांनी ते नाकारले. २००० मध्ये सोनेरी रंगाचे साकागावियाचे नाणे आले. यंत्रांना ते आधीच्या डॉलरसारखेच भासावे अशी त्याच्या धातूची जुळणी केलेली होती, तरीही डॉलरची नोट चालूच राहिल्यामुळे तेही रुजले नाही. कॅनडाने १९८७ मध्ये डॉलरचे नाणे काढून दोन वर्षांत नोट बंद केली आणि १९९६ मध्ये दोन डॉलरचे नाणे आणले. परिणामी तेथील ग्राहक मूठभर नाण्यांऐवजी दोनतीन नाण्यांत काम भागवू शकतो.

नाण्यांवर अवलंबून राहण्याचा धोका २०२० मध्ये उघड झाला. महासाथीत दुकाने आणि बँकांच्या शाखा बंद राहिल्याने नाणी घराघरांत अडकली, फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेला १५ जूनपासून बँकांना नाण्यांचे वाटप मर्यादित करावे लागले, आणि देशात नाणी पुरेशी असूनही फिरत नसल्याने मोड मिळेनाशी झाली. अशा प्रसंगी कार्ड आणि मोबाइलवरून पैसे घेणारी पेटी उपयोगी पडते. तिच्यात ग्राहक प्रथम कार्ड लावतो आणि प्रत्यक्ष वापरलेल्या वेळेचे पैसे शेवटी कापले जातात. मात्र लहान रकमेवर बँकेचे शुल्क जड जाते आणि ज्यांच्याकडे बँकखाते नाही ते बाहेर राहतात. दुसरीकडे, २०२४ च्या आर्थिक वर्षात एक पेनी बनवायला ३.६९ सेंट खर्च येत होता आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठी पेनी पाडणे बंद झाले. यंत्रांनी तिला कधीचेच वगळले होते, टांकसाळीने त्यावर उशिरा शिक्कामोर्तब केले.

भारतात मुंबईच्या रेल्वे फलाटांवरील वजनकाटा आणि रुपयाचे नाणे टाकून चालणारा सार्वजनिक दूरध्वनी अनेकांच्या परिचयाचे आहेत, परंतु नाण्यांच्या यंत्रांना लागणारे स्थैर्य येथील नाण्यांत राहिले नाही. १९९२ पासूनचे रुपयाचे पोलादी नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे आणि सुमारे ४.८५ ग्रॅमचे होते. २०११ च्या मालिकेत दोन रुपयांचे नाणे त्याच धातूत, त्याच मापाचे निघाले, तर नव्या रुपयाने जुन्या ५० पैशांचे २२ मिलिमीटरचे माप घेतले. साहजिकच माप, वजन आणि धातू एवढेच पाहणाऱ्या पेटीला जुना रुपया आणि नवे दोन रुपये यांत फरक करता येत नाही. २०११ च्या नाणेकायद्याने रुपया व त्यावरील नाणी हजार रुपयांपर्यंत ग्राह्य ठरवली असली, तरी कायद्याची ग्राह्यता यंत्रापर्यंत पोहोचत नाही.

नाणे चलनात ठेवणे हे सरकारचे काम आहे, पण ते व्यवहारात चालेल की नाही हे त्याची हाताळणी किती स्वस्त पडते यावर ठरते. जो देश आपल्या नाण्यांची माप-वजनाची शिस्त पाळतो आणि महागाईनुसार मोठे नाणे वेळेवर आणतो, तेथेच यंत्र आणि खुर्दा यांचा संसार नीट चालतो. इतरत्र मोडीचा भार ग्राहकावरच पडतो.