माळावरची झुडपे : जालना जिल्ह्यातील दुर्लक्षित संपत्ती

भोकरदन-जाफराबादकडील टेकड्यांचे उतार किंवा मंठा-परतूर भागातील मुरमाड माळ एप्रिलच्या अखेरीस पाहणाऱ्यास तेथे काही आहे असे सहसा वाटत नाही. बोरीच्या जाळ्या वाळलेल्या, हेंकळीचे नुसते काटे, मधूनच एखादा हिवर, आणि उन्हातही हिरवा राहिलेला तरवड. महसुली दप्तरात अशा जमिनीची नोंद गायरान, पडीक किंवा पोटखराबा अशी असते. ‘पडीक’ हा शब्द लागला की ती जमीन मोकळी आहे असे गृहीत धरले जाते, आणि मग वृक्षारोपणाचे खड्डे, मुरमाची खाण किंवा एखादी इमारत यांसाठी प्रथम तिचीच आठवण होते. प्रत्यक्षात ती मोकळी नसते.

दि. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला जालना जिल्हा अत्यल्प वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. येथील पाऊस सरासरीने सुमारे ७०० मिलिमीटर. तोही चार महिन्यांत, आणि त्यातील बराचसा मोजक्या दिवसांत पडणारा. गोदावरी, दुधना व पूर्णा यांच्या खोऱ्यांत खोल काळी जमीन आहे, परंतु उंचवट्यावर गेले की वीतभर मातीखाली मुरूम व त्याखाली काळा पाषाण लागतो. अशा ठिकाणी उंच वृक्षांचे घनदाट अरण्य वाढावे ही अपेक्षाच मुळात चुकीची होय. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली भारतीय वनांचे जे सुधारित वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात दक्षिणेकडील काटेरी वन व काटेरी झुडपी रान यांना स्वतंत्र स्थान दिलेले आहे. त्यांतील झुडपी रान हे तोड व चराईमुळे उतरणीस लागलेले रूप मानले जाते, हे खरे. परंतु उतरणीस लागलेले म्हणजे निरुपयोगी नव्हे.

कोरड्या प्रदेशातील झुडपांचे महत्त्व समजण्यास अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे उदाहरण उपयोगी पडते. तेथील डोंगरउतारांवर ‘चॅपरल’ नावाचे दाट, चिवट पानांचे झुडपी रान आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा पूर्ण कोरडा जातो. त्यामुळे वणवे ही तेथील नित्याची घटना असून कित्येक झुडपे जळाल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटतात, तर काहींचे बी आगीची धग लागल्याखेरीज रुजत नाही. लॉस एंजेलिसजवळील सान दिमास येथील वनसंशोधन क्षेत्रात १९६० साली मोठी आग लागली. त्यानंतर काही उतारांवर झुडपांऐवजी गवत वाढविण्याचा प्रयोग करण्यात आला. पुढे अतिवृष्टी झाली तेव्हा झुडपे असलेल्या उतारांपेक्षा गवताच्या उतारांवर माती अधिक प्रमाणात घसरली. झुडपांची खोल व बळकट मुळे उतार धरून ठेवीत होती, हे ती काढल्यानंतर ध्यानात आले.

आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे. आपला पाऊस उन्हाळ्यापाठोपाठ येतो, आणि झुडपांची कसोटी अग्नीपेक्षा शेळीचे तोंड व कुऱ्हाड यांच्याशी लागते. पावसाळ्यापूर्वी नवे गवत चांगले फुटावे म्हणून माळ पेटविण्याची रीत आहे, तिचेही नुकसान कमी नाही. तथापि उतारावरील काम दोहोंकडे एकच. जूनचा पहिला जोराचा पाऊस उघड्या मुरमावर पडला की माती घेऊन ओढ्यात उतरतो. तोच बोरीच्या जाळीवर पडला तर त्याचा मारा मोडतो. खाली साचलेला पाला व गवताची ठोंबे त्याला अडवितात, आणि मुळांनी मुरमात पाडलेल्या भेगांतून काही पाणी खाली जिरते. जालना शहराला पाणी पुरविणाऱ्या निजामकालीन घाणेवाडी जलाशयातील गाळ नागरिकांनी लोकवर्गणीतून काढला, हे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. तलावात येणारा गाळ ही वरच्या उतारांवरून गेलेली मातीच असते. तलाव साफ करून वरचे उतार उघडेच ठेवले तर काही वर्षांनी तेच काम पुन्हा करावे लागते.

झुडपांचे आणखी एक कार्य सहज नजरेस येत नाही. बोरीच्या किंवा हेंकळीच्या जाळीत वाकून पाहिल्यास पुष्कळदा कडुनिंबाचे रोप दिसते. निंबोळी खाऊन बुलबुल किंवा साळुंकी फांदीवर बसते, बी खाली पडते, आणि काट्यांमुळे शेळीला तेथवर पोचता येत नाही. सावली व पाल्याचा ओलावा मिळून रोप वाढते आणि काही वर्षांत जाळीच्या वर डोके काढते. हे वृक्षारोपण विनाखर्चाचे. त्याला कुंपण लागत नाही, टँकर लागत नाही. खड्डा घेण्यासाठी ही जाळी तोडून तेथे रोप लावणे म्हणजे असलेली रोपवाटिका मोडणे होय. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. एकट्या २०१९ चे उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचे होते. हेतूविषयी कोणाचेही दुमत असू नये. परंतु कोणत्या जमिनीवर काय लावावे, याआधी तेथे काय उभे आहे हे पाहिले जाते काय, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

सर्वच झुडपे सारखी नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. बाहेरून आलेली वेडी बाभूळ व घाणेरी यांचा फैलाव झाला की कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते मागे हटतात. वेडी बाभूळ जळणाला उपयोगी असली तरी ती तरवड-बोरीची जागा भरून काढीत नाही. तरवडाच्या सालीवर पूर्वी कातडी कमावण्याचा धंदा चाले; बोरीचा पाला व हिवराच्या शेंगा शेळ्या-मेंढ्यांना आजही लागतात. ससा, तित्तर, खोकड व लांडगा यांचा निवाराही हाच.

सर्वांत अवघड भाग माणसांचा आहे. गायरान बंद केले तर दोन शेळ्यांवर घर चालविणाऱ्या विधवेने आणि हंगामी फिरस्त्या मेंढपाळाने कोठे जावे? मराठवाड्यात गायरानाचा प्रश्न भूमिहीनांच्या हक्काशीही निगडित आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९६४ च्या सत्याग्रहात पडीक जमिनी भूमिहीनांना मिळाव्यात ही प्रमुख मागणी होती. म्हणून कागदावरील सरसकट बंदी टिकत नाही. जालना तालुक्यातील कडवंची येथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामे झाली. मोकाट चराई व वृक्षतोड थांबविणे ही त्या कार्यक्रमाची अटच होती. ती अट पाळणारे बाहेरचे पहारेकरी नसून गावकरीच असावे लागतात. पुढे २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, तेव्हा कडवंचीच्या द्राक्षबागांकडे अनेकांचे लक्ष गेले. त्याचे श्रेय एकट्या झुडपांना देणे अतिशयोक्तीचे होईल; समतल चर, बांधबंदिस्ती, नंतरची शेततळी हे सर्व त्यात आहे. परंतु उतार राखल्यावाचून चर फार काळ टिकत नाहीत.

माळाचे तीन-चार भाग पाडून दरवर्षी एक भाग पावसाळ्यात राखावा व बाकीचे चराईला मोकळे ठेवावेत, ही व्यवस्था ग्रामसभेला करता येण्यासारखी आहे. राखलेल्या भागातील गवत दिवाळीनंतर कापून न्यावे. त्यात शेळी पाळणाऱ्या घरांचा वाटा आधी ठरवावा. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. अनेक ठिकाणी ही नोंदवही एकदा तयार होऊन कपाटात जाते. तीत माळावरील झुडपांचे पान शाळेच्या मदतीने भरता येईल : श्रावणात एक दिवस सातवीच्या मुलांनी गायरानातील पन्नास जाळ्या पाहाव्यात, प्रत्येकीत कडुनिंब, बोर, हिवर यांची किती रोपे आहेत ते मोजावे, आणि तो आकडा पुढील खड्ड्यांचे अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी ग्रामसभेपुढे ठेवावा.