आभासी सममितीचा उलगडा

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरणांचा झोत सोडला असता जे सहस्रावधी ठिपके उमटतात, त्यांच्या तीव्रतेवरून अणूंची मांडणी ठरविण्याची विद्या आज पुष्कळ प्रगल्भ झाली असली, तरी काही स्फटिक अद्यापि तिला दाद देत नाहीत. आभासी स्थानांतर-सममितीने ग्रासलेले स्फटिक हे त्यांपैकी विशेष अभ्यसनीय होत. त्यांत एकाच प्रथिनाच्या अनेक प्रती जवळपास एकाच दिशेस तोंड करून, जवळपास समान अंतरावर उभ्या असतात. हातमागावर विणलेल्या काठावरील मोर दुरून एकसारखे भासावेत आणि निरखून पाहता प्रत्येकाची मान किंचित निराळी वळलेली आढळावी, तसा हा प्रकार असतो.

या प्रतींपासून निघालेल्या लहरी काही दिशांना परस्परांस बळ देतात व काही दिशांना परस्परांचा लोप करतात. त्यामुळे ठिपक्यांचा एक वर्ग अवाजवी प्रखर, तर दुसरा अवाजवी क्षीण होतो. ए. जे. सी. विल्सन यांनी १९४९ साली तीव्रतांच्या वाटणीचा जो सांख्यिकी नियम मांडला, त्यास अणू यदृच्छेने विखुरलेले असावे लागतात, आणि नेमके तेच गृहीत येथे ढासळते. त्यातच भिन्न दिशांना वाढलेले अंश एकत्र मिसळून स्फटिक जुळा झाला असेल, तर अडचण दुणावते. कारण जुळेपणाने तीव्रतांमधील तफावत घटते, आभासी सममितीने ती वाढते, आणि दोन्ही दोष एकत्र नांदले म्हणजे सदोष स्फटिकाचे आकडे निर्दोष दिसू लागतात. तथापि आर्थर लिंडो पॅटरसन यांनी १९३४ साली दिलेल्या फलनात, लहरींच्या कलांची माहिती नसतानाही, मूळबिंदूपासून दूर एक ठळक शिखर उभे राहते आणि आभासी सममितीचा पुरावा हाती येतो.

सेंट जॉन्स वर्ट या औषधी वनस्पतीतील हायप-१ या प्रथिनाचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. त्याच्या स्फटिकात एका अक्षावर चार-चार रेणूंचे सात समूह रांगेने उभे होते, आणि वर चौपदरी जुळेपणही होते. पोलंडमधील मारियुश यास्कूल्स्की आणि केंब्रिज येथील रँडी रीड प्रभृती संशोधकांनी २०१४ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. प्रतींमधील अंतर व त्यांच्या दिशांतील किंचित भेद यांचा प्रत्येक ठिपक्याच्या अपेक्षित तीव्रतेत अंतर्भाव करणारे गणित त्यांनी ‘फेझर’ या संगणक-प्रणालीद्वारे वापरले. आणि वरकरणी दिसणाऱ्या सममितीवर विसंबून न राहता, कोणतीही सममिती न मानता ५६ रेणू जागच्या जागी बसविले. त्या मांडणीतूनच खरी सममिती निष्पन्न झाली, आणि ती जमेस धरता स्वतंत्र रेणू २८ ठरले.

रचना हाती येताच एएनएस हे प्रकाशमान द्रव्य प्रथिनाला कोठे व कसे चिकटते, हे उघड झाले, आणि जलद्वेषी रेणूंना धरून ठेवण्याच्या या प्रथिनाच्या कार्याविषयी तर्क करण्यास भक्कम आधार मिळाला. आकड्यांतील विकृती दडपून टाकण्याऐवजी तिला हिशेबात रीतसर स्थान देणे, आणि सममितीचा फैसला पुराव्याच्या आधी न करणे, या दोन शिस्तींचेच हे फळ होय.